आत्याचा आजार, ट्रॉम्बेची अप्सरा आणि ‘शेक’ घेतलेला माणूस

कर्करोगावरच्या रेडिएशनला साध्या बोलीत कुणी ‘शेक’ म्हणते, कुणी ‘लाईट’. पेण-रोह्याकडून शेक घ्यायला निघणाऱ्यांची वाट ठरलेली असते. एसटीने किंवा दिव्याच्या गाडीने पनवेल, तिथून लोकलने खारघर, नाहीतर थेट परळ. सोमवार ते शुक्रवार, असे पाच-सहा आठवडे, कधी सात. टेबलावर पडून राहायचे ते काही मिनिटे. बाकी सगळा दिवस प्रवासात आणि रांगेत जातो. आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर अनेक घरांत एक दुसराच उपचार सुरू होतो. ताट-वाटी वेगळी काढली जाते, अंथरूण पडवीत जाते, नातवंडांना आजीच्या मांडीवर बसू दिले जात नाही. सून गरोदर असेल तर तिला माहेरी पाठवले जाते. आजीच्या अंगातून आता किरण बाहेर पडतात, असे कुणीतरी सांगितलेले असते. डॉक्टरांना विचारायचा संकोच वाटतो, म्हणून प्रश्न घरातच राहतो आणि आजी एकटी पडते.

या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात जागोजागी विखुरलेले आहे. तो माणूस डॉक्टर नव्हता. त्याचे नाव होमी जहांगीर भाभा. शाळेच्या पुस्तकात ते अणुशक्तीचे जनक म्हणून भेटतात आणि बहुतेकांच्या मनात त्या नावामागे अणुबॉम्बच उभा राहतो. परळच्या टाटा हॉस्पिटलशी त्यांचे नाते मात्र बॉम्बच्या कितीतरी आधीचे होते आणि ते घरचे होते.

होमींचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईतला. वडील जहांगीर बॅरिस्टर, घर सुखवस्तू पारशी; पुस्तके, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांनी भरलेले. वडिलांची बहीण मेहरबाई ही जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांची पत्नी. म्हणजे दोराबजी हे होमींचे आतोबा. त्या घरी धरणे, पोलाद, वीज हे विषय जेवणाच्या टेबलावर चालत. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या माणसाला दोराबजींची ओळख वेगळ्या मार्गाने झाली होती. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही टाटांची तिन्ही वीजकेंद्रे याच जिल्ह्यात उभी राहिली. भिऱ्याचे केंद्र 1927 साली सुरू झाले. मुळशीचे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरते, चक्रे फिरवते आणि कुंडलिकेत सोडले जाते. रोह्याच्या पुलाखालून भर उन्हाळ्यात वाहणारी नदी बरीचशी त्या पाण्यावर वाहते. त्या धरणात गावे बुडाली, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, हेही विसरता येत नाही. टाटांच्या पैशाची गोष्ट सगळीच गोड नाही. पण त्या पैशाचा पुढचा प्रवास या लेखाच्या विषयाकडे येतो.

त्याच 1927 साली अठरा वर्षांचे होमी केंब्रिजला गेले. वडिलांची आणि आतोबांची इच्छा एकच: मुलाने इंजिनीअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे. होमींचा जीव मात्र भौतिकशास्त्रात अडकला. वडिलांनी तडजोड सुचवली. आधी इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग हवे ते शीक, खर्च मी देतो. 1930 साली होमींनी ती अट पूर्ण केली आणि गणित-भौतिकीकडे वळले.

पुढच्याच वर्षी, जून 1931 मध्ये, मेहरबाई ब्रिटनमध्ये वारल्या. वय अवघे एक्कावन्न. आजार होता ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. साडी नेसून टेनिस खेळणारी, बालविवाहाविरुद्धच्या कायद्यासाठी झटणारी ही बाई काही महिन्यांत गेली. भाचा तेव्हा केंब्रिजमध्ये शिकत होता. दोराबजींना मूल नव्हते. त्यांनी आपली मालमत्ता धर्मादाय न्यासाकडे दिली. मेहरबाईंच्या गळ्यातला, कोहिनूरपेक्षा मोठा असलेला ज्युबिली हिरासुद्धा पुढे विकून न्यासाच्या कामी लागला. ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावाने वेगळा न्यास केला. परदेशात पत्नीला जे उपचार मिळाले ते हिंदुस्थानात मिळावेत ही त्यांची इच्छा होती. ती पुरी व्हायच्या आत, 1932 च्या जूनमध्ये, तेही गेले. नवरोजी सकलातवाला आणि नंतर जे. आर. डी. टाटा यांनी काम पुढे नेले. 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला सात मजल्यांचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले.

आज घराघरांत बसलेली भीती बरीचशी त्या काळातली आहे, आणि त्या काळात ती खोटी नव्हती. तेव्हा किरणोपचाराचा मोठा भाग रेडियमवर चाले. रेडियम भरलेल्या बारीक सुया किंवा नळ्या जिभेच्या, गालाच्या, गर्भाशयमुखाच्या गाठीत किंवा गाठीशेजारी ठेवायच्या आणि काही तास, कधी काही दिवस तशाच राहू द्यायच्या. रेडियमचे किरण अंगाच्या आरपार जातात. त्यामुळे सुया आत असेपर्यंत त्या रुग्णाजवळ बसणाऱ्यालाही किरण लागत. म्हणून स्वतंत्र खोली, शिशाचे आडोसे, परिचारिकांची भराभर आवरायची घाई, भेटायला आलेल्यांना दारातून परत पाठवणे. हे ज्यांनी पाहिले त्यांनी गावी जाऊन सांगितले आणि त्यात वावगे काही नव्हते. मात्र सुया काढून शिशाच्या पेटीत ठेवल्या की रुग्णाच्या अंगात किरणांचे काहीच शिल्लक राहत नसे. गोष्टीतला हा दुसरा भाग वाटेत कुठेतरी गळाला.

इथे एक फरक नीट कळला पाहिजे. पेणच्या गणपती कारखान्यात रात्री मूर्तीवर दिव्याचा झोत टाकून डोळ्यांची आखणी चालते. दिवा मालवला की मूर्ती अंधारात चमकत बसत नाही. तिच्यावर कितीही वेळ उजेड पडला असला तरी. पण ओल्या रंगाचा हात लावला तर रंग लागतो, आणि तो हात पुढे जिथे लागेल तिथेही लागतो. किरणांचा मारा होणे ही उजेडाची गोष्ट. किरणोत्सारी पदार्थ अंगाला किंवा अंगात लागणे ही रंगाची गोष्ट. मेरी क्युरी यांच्या वह्या आजही पॅरिसमध्ये शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात, कारण त्यांच्या पानांवर रेडियमचे कण बसले आहेत आणि रेडियम निम्मे व्हायला सुमारे 1,600 वर्षे लागतात. तो रंग आहे. खारघरच्या यंत्राखाली पडून घेतलेला शेक हा उजेड आहे.

किरणांचे पुढे होते काय, हा प्रश्न भाभांनी केंब्रिजमध्ये अगदी मुळापासून हाताळला. ते तिथे होते तो काळ विलक्षण होता. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत 1932 साली चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला. त्याच वर्षी अमेरिकेत पॉझिट्रॉन दिसला, म्हणजे धन विद्युतभाराचा इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर कसे विखुरतील याचे गणित भाभांनी मांडले. भौतिकीत ती क्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मग 1937 साली वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचे कोडे उलगडले. अवकाशातून प्रचंड ऊर्जेचा कण वातावरणात शिरतो, त्यातून किरण निघतो, किरणातून कणांची जोडी, त्या जोडीतून पुन्हा किरण, असा फाटे फुटत जाणारा पसारा होतो. प्रत्येक फाट्याला ऊर्जा वाटली जाते, कमी होत जाते आणि शेवटी वाटेतल्या अणूंमध्ये जिरून जाते. रुग्णाच्या शरीरात शिरणाऱ्या क्ष-किरणाची ऊर्जा यापेक्षा फारच लहान, पण हिशेब तोच: ती अणूंभोवतीच्या इलेक्ट्रॉनना धक्के देत खर्च होते. त्या धक्क्यांनी गाठीतल्या पेशींचा डीएनए तुटतो, हाच उपचार. उरलेला किरण पलीकडून निघून भिंतीत जिरतो. एका सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागात सगळे संपलेले असते. यंत्र बंद झाले की टेबलावरून उठणाऱ्या माणसात शिल्लक राहिलेला किरण नसतो.

मग शरीर स्वतःच किरणोत्सारी होत नाही का? हे होण्यासाठी धक्का इलेक्ट्रॉनला लागून पुरत नाही, अणूच्या गाभ्यात बदल व्हावा लागतो. 1934 साली मेरी क्युरींची मुलगी इरेन आणि जावई फ्रेडरिक जोलिओ यांनी साध्या ॲल्युमिनियमवर अल्फा कण आदळवून त्यातून किरणोत्सारी पदार्थ घडवला, तेव्हा माणसाला ही युक्ती प्रथम साधली. सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे गाभ्यात न्यूट्रॉन घुसवणे. नेहमीच्या उपचाराच्या क्ष-किरणांना ते जमत नाही. काही यंत्रांत फार उच्च ऊर्जा वापरतात, तेव्हा थोडेफार अणू असे बदलतात. पण तो अंश नगण्य असतो आणि मुख्यतः काही मिनिटांत ओसरतो. रुग्णाच्या घरच्यांनी त्याची चिंता करावी इतके त्यात काही नाही.

1939 साली भाभा सुटीवर घरी आले आणि युरोपात युद्ध पेटले. परतीचा रस्ता बंद झाला. ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या विभागात रुजू झाले. ज्या वर्षी आत्याच्या आठवणीतले हॉस्पिटल परळला उघडले, त्याच 1941 साली एकतिसाव्या वर्षी भाभा लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मार्च 1944 मध्ये त्यांनी मूलभूत संशोधनाची संस्था काढण्यासाठी मदत मागितली ती सर दोराबजी टाटा न्यासाकडेच. आतोबांच्या पैशातून आधी हॉस्पिटल झाले होते, आता 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था झाली. तिचे मुंबईतले पहिले घर पेडर रोडवरचा केनिलवर्थ बंगला. भाभा त्या घराण्यातले नसते तर हे इतक्या लवकर झाले असते का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण मिळालेल्या संधीचे त्यांनी जे केले ते दुसऱ्या कुणाला जमले असते, याबद्दलही तितकीच शंका आहे.

ऑगस्ट 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, अध्यक्ष भाभा. जानेवारी 1954 मध्ये ट्रॉम्बेला अणुऊर्जा आस्थापना सुरू झाली. घारापुरीला लाँचने जाणाऱ्याला ट्रॉम्बेच्या टेकडीखालचा पांढरा घुमट दिसतो. तो 1960 साली सुरू झालेल्या सायरस अणुभट्टीचा. त्याच्या चार वर्षे आधी, 4 ऑगस्ट 1956 रोजी, पहिली भट्टी पेटली होती. स्वच्छ पाण्याच्या खोल हौदात बुडवलेले इंधन आणि त्याभोवती उमटणारा निळा उजेड. नेहरूंनी तिचे नाव ठेवले ‘अप्सरा’. सोव्हिएत रशिया वगळता आशियातली ती पहिली अणुभट्टी.

कर्करोगाच्या रुग्णाला या हौदाचे काय? उत्तर पुन्हा न्यूट्रॉनमध्येच आहे. भट्टीत न्यूट्रॉनचा सडा पडत असतो. त्यात टेल्युरियम ठेवले तर आयोडीन-131 मिळते. साधा कोबाल्ट ठेवला तर काही काळाने कोबाल्ट-60 होतो, जो अनेक वर्षे गॅमा किरण देत राहतो आणि रेडियमची जागा घेऊ शकतो. गाभा बदलायला काय लागते ते असे: अणुभट्टी. रुग्णालयातल्या टेबलावर पडून ते घडत नाही. परदेशातून जहाजाने वा विमानाने मागवावे लागणारे आयोडीन दर आठवड्याला निम्म्याच्या आसपास विरून जाते, कारण त्याचे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे. ते परळपासून तासाभराच्या अंतरावर बनू लागणे ही वैद्यकाच्या दृष्टीने फार मोठी सोय होती.

टाटा हॉस्पिटल 1957 साली केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेले होते. कर्करोगाच्या उपचारात किरणांचे आणि समस्थानिकांचे काम वाढत जाणार हे भाभा आणि जे. आर. डी. या दोघांनी ओळखले, आणि 1962 साली हॉस्पिटलचा कारभार अणुऊर्जा खात्याकडे आला. जगात फार थोड्या ठिकाणी अणुभट्टी चालवणारे खाते रुग्णालयही चालवते. वरवर पाहता हा संसार विचित्र वाटतो, पण त्याला कारण होते. त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख राहिलेले आणि 1952 साली शेजारी कर्करोग संशोधन केंद्र उभे करणारे डॉ. व्ही. आर. खानोलकर हेही या वर्तुळातले. किरणोत्सर्गाचे माणसावर काय परिणाम होतात हे तपासण्यासाठी 1955 साली संयुक्त राष्ट्रसंघाने समिती नेमली, तिच्यात भारताची बाजू ते सांभाळत. 1963 साली परळलाच ट्रॉम्बेच्या वतीने रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. थायरॉइडच्या रुग्णाला ट्रॉम्बेचे आयोडीन देणारे हेच ते ठिकाण.

आणि इथे मात्र ‘रंगा’ची गोष्ट लागू पडते. थायरॉइड ग्रंथी शरीरातले आयोडीन ओढून घेते, याचा फायदा घेऊन किरणोत्सारी आयोडीन गोळीतून किंवा द्रवातून पोटात दिले जाते. ते ग्रंथीत, किंवा कर्करोग पसरला असेल तर त्या पेशींत जाऊन बसते आणि आतूनच त्यांना जाळते. असा रुग्ण काही दिवस खरोखरच किरण बाहेर टाकतो. त्याच्या लघवीत, घामात, थुंकीत आयोडीन असते. कर्करोगासाठी मोठी मात्रा दिली तर त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात, मीटरने मोजतात आणि आकडा ठरलेल्या मर्यादेखाली उतरल्यावरच घरी सोडतात. थायरॉइड वाढल्याबद्दल लहान मात्रा घेणारे बहुधा त्याच दिवशी घरी येतात. घरी गेल्यावरही काही दिवस पथ्य असते: वेगळे झोपणे, भरपूर पाणी पिणे, संडासात दोनदा पाणी सोडणे, हात नीट धुणे, टॉवेल आणि उष्टी भांडी वेगळी, लहान मूल मांडीवर न घेणे, गरोदर बाईपासून अंतर राखणे. अंगावर पाजणाऱ्या आईला हे औषध देण्याआधी पाजणे बंद करावे लागते आणि त्या बाळापुरते ते पुन्हा सुरू करता येत नाही. किती दिवसांचे पथ्य, हे मात्रेवर ठरते आणि ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून मिळते. रोह्याला परतायचे असेल तर लांबच्या प्रवासात कुणाला खेटून बसू नये, हेही आधीच विचारून घ्यावे. दिवा गाडीतली गर्दी हॉस्पिटलच्या कागदाला ठाऊक नसते.

यातले गणित समजायला सोपे आहे. आठ दिवसांनी आयोडीन निम्मे, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी दोन आणे. शिवाय ग्रंथी काढून टाकलेल्या रुग्णात बरेचसे आयोडीन पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे खरी घट याहून वेगाने होते. अंतराचा हिशेबही असाच: एका हातावरून दोन हातांवर सरकले की लागणारे किरण साधारण चौथाई. सामान्य माणसाला अशा कारणांनी वर्षाला 1 मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त किरण लागू नयेत असा नियम आहे. तुलनेसाठी, जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून जगातला सरासरी माणूस दर वर्षी 2.4 मिलिसीव्हर्टच्या आसपास किरण घेतच असतो. त्यातले आकाशातून येणारे ते भाभांचे विश्वकिरण.

बाकीचे प्रकार या दोन टोकांच्या मधले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरच्या शेकाबरोबर आतूनही शेक देतात. पूर्वी त्यासाठी रेडियम असे, आता बहुतेक ठिकाणी इरिडियम-192 चा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तारेच्या टोकाला बसवून यंत्राने आत सरकवतात आणि काही मिनिटांत ओढून घेतात. तो यंत्रात परत गेला की बाई मोकळी. ती त्याच रात्री नातवाला कुशीत घेऊन झोपू शकते. शरीरात कायमचे बारीक दाणे पुरण्याची पद्धतही आहे, मुख्यतः प्रोस्टेटसाठी. त्या रुग्णांना काही काळ मुलांबाबत आणि गरोदर स्त्रियांबाबत वेगळ्या सूचना असतात. पेट स्कॅन हा उपचार नव्हे, तपासणी. त्यात टोचतात ते फ्लोरिन-18 पॉझिट्रॉन सोडते, आणि पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटल्यावर काय होते यावर ते सगळे यंत्र चालते. तरुण भाभांच्या गणिताचा तो सख्खा शेजार. दर 110 मिनिटांनी ते निम्मे होते. म्हणून त्या दिवशी काही तास तान्ह्या मुलापासून लांब राहायचे, दुसऱ्या दिवशी काही नाही.

किरणांचा धाक वाटू नये असे भाभांच्या खात्याचेही म्हणणे नव्हते. धाक योग्य जागी असावा एवढेच. ट्रॉम्बेत काम करणाऱ्याच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला लावायची शिस्त सुरुवातीपासूनची. पुढे तो बिल्ला रुग्णालयांतल्या तंत्रज्ञांच्या डगल्यावरही आला. 1962 साली अणुऊर्जा कायदा नव्याने झाला आणि 1983 साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. रेडिएशनच्या खोलीची भिंत किती जाड असावी इथपासून रुग्णाला घरी केव्हा सोडावे इथपर्यंत आता त्याचे नियम आहेत. चूक झाली तर काय होते हे 2010 साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिसले. एका विद्यापीठाने मोडीत काढलेले जुने यंत्र भंगारात गेले, त्यातला कोबाल्ट-60 उघडा पडला, अनेक जण आजारी पडले आणि एक कामगार दगावला. घात केला तो उघड्या पदार्थाने. शेक घेतलेल्या माणसापासून शेजाऱ्याला अशी इजा होत नाही, कारण त्याच्याजवळ पदार्थच नसतो.

भाभांचे व्यक्तिमत्त्व या सगळ्या हिशेबीपणात मावत नाही. ते स्वतः उत्तम चित्रे काढत. कुलाब्याच्या नव्या इमारतीसाठी हुसेन आणि त्यांच्या पिढीतल्या चित्रकारांची चित्रे त्यांनी तेव्हा घेतली जेव्हा ती कुणी घेत नव्हते. बांधकामाच्या वाटेत आलेले झाड तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचा त्यांचा हट्ट असे. लग्न केले नाही. नेहरूंशी मैत्री इतकी की सरकारी कागद महिनोन्‌महिने जिथे अडत तिथे त्यांचा एक दिवसात सुटे. याची दुसरी बाजू अशी की संसदेला आणि जनतेला प्रश्न विचारायची सवय त्या खात्यात फारशी रुजली नाही. गुप्ततेची जी भिंत ट्रॉम्बेभोवती उभी राहिली, तिची सावली परळच्या हॉस्पिटलवरही पडली असावी. अणू म्हटले की बॉम्ब, बंदोबस्त आणि न बोलायच्या गोष्टी. हिरोशिमानंतर किरणोत्सर्ग हा शब्द ज्या अर्थाने घरात आला, त्याच अर्थाने तो शेक घेणाऱ्या आजीलाही चिकटला. लोकांना सोप्या मराठीत समजावून सांगण्याचे काम भट्टी उभारण्याइतक्या तातडीने झाले नाही.

24 जानेवारी 1966 रोजी भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग विमान जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातले 117 जण गेले. भाभा छप्पन्न वर्षांचे होते. त्याच वर्षी हॉस्पिटल आणि खानोलकरांचे संशोधन केंद्र एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. पुढच्या जानेवारीत ट्रॉम्बेच्या आस्थापनेला भाभांचे नाव दिले गेले. 2002 साली संशोधन केंद्र परळहून खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यात आले. ॲक्ट्रेक ते हेच. भाभा केंद्रात घडवलेले कोबाल्टचे पहिले देशी किरणोपचार यंत्र इथेच बसवले गेले. त्याचे नाव भाभाट्रॉन. त्याच्या पोटात कोबाल्ट-60 जाड शिशाच्या वगैरे कवचात बंद असतो, उपचारापुरती खिडकी उघडते आणि मिटते. रुग्णाला लागतो तो उजेड. कोबाल्ट यंत्रातच राहतो.

घरच्यांनी लक्ष द्यायचे ते उलट दिशेने. शेक घेणाऱ्याची कातडी त्या जागी काळवंडते, सोलवटते, तोंडाचा शेक असेल तर घास गिळवत नाही. केमो सोबत चालू असेल तर पांढऱ्या पेशी कमी होतात आणि सर्दी-तापाच्या माणसापासून रुग्णालाच धोका असतो. घरात कुणी खोकत असेल तर लांब बसायचे ते खोकणाऱ्याने. केमोच्या औषधाचा अंश दोन-तीन दिवस लघवी-उलटीत असतो, ती साफ करताना हातमोजे घालावेत. त्याचा किरणांशी संबंध नाही. ताट वेगळे काढायची गरज नाही. एकाच पलंगावर झोपायला हरकत नाही. बाहेरून शेक घेतलेल्या आजीच्या मांडीवर नातू बसू शकतो, गरोदर सून तिचे डोके चेपू शकते.

रुग्णाच्या गळ्यावर किंवा छातीवर जांभळ्या-निळ्या शाईच्या रेघा दिसतात, त्यांचीही शेजारीपाजारी धास्ती घेतात. त्या रोज किरण नेमक्या त्याच जागी पडावेत म्हणून तंत्रज्ञाने काढलेल्या खुणा असतात. उपचार संपेपर्यंत त्या साबणाने घासायच्या नाहीत, आणि पुसट झाल्या तर घरी पेनाने गिरवायच्या नाहीत, खारघरला दाखवायच्या.